प्रेक्षकालाही चित्रात जागा द्या : वार्षिक कलाप्रदर्शनाच्या निवड समितीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
निवड समिती, वार्षिक कलाप्रदर्शन,
कोल्हापूर.

स. न. वि. वि.

आपल्या प्रदर्शनासाठी मी पाठवलेली बारा लिनोकट मुद्राचित्रे (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रे) गेल्या आठवड्यात परत आली. सोबत दोन ओळींचा अभिप्राय होता: ‘विषय क्रीडा व प्रेक्षक असल्याने प्रसिद्धीसाहित्याच्या स्वरूपाचा आहे. प्रदर्शनाच्या दर्जास अनुरूप नाही.’ चित्रे नाकारली जाणे मला नवे नाही. सव्वीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवताना आणि त्याहून अधिक काळ स्वतः चित्रे छापताना मी पुष्कळ नकार पचवले आहेत आणि त्यांतले बरेचसे योग्यही होते. या वेळी मात्र नकार माझ्या रेषेला, रचनेला किंवा छपाईला मिळालेला नाही, तो विषयाला मिळाला आहे. आणि यंदापासून मुद्राचित्रणाचा स्वतंत्र विभाग बंद करून त्याचा समावेश ‘इतर माध्यमे’ या सदरात केल्याचेही त्याच पत्रात कळवले आहे. ज्या गावाला सारा महाराष्ट्र कलापूर म्हणतो आणि कुस्तीची पंढरीही म्हणतो, त्या गावात खेळ आणि खेळ पाहणारी माणसे हा चित्राचा विषयच होऊ शकत नाही असे एखादी कलासमिती ठरवत असेल, तर तो निर्णय माझ्या बारा चित्रांपुरता राहत नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही, निर्णय बदलून हवा आहे.

या विषयाशी माझा संबंध कसा आला, ते आधी सांगते. माझे वडील मंगळवार पेठेतल्या एका लहानशा छापखान्यात कंपोझिटर होते. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके बारा महिने असत, पण यात्रांचा हंगाम आला की गावोगावची कुस्त्यांची पोस्टरे येत. ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’ ही ओळ लाकडी खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांत, जुळवली जाई, तिच्याखाली पैलवानांच्या जोड्या आणि इनामाचे आकडे, आणि दोन बाजूंना दोन नामांकित पैलवानांचे जस्ताचे ब्लॉक, म्हणजे चित्रांचे ठसे. ब्लॉक करून घेणे खर्चाचे असल्यामुळे एकदा केलेला ब्लॉक वर्षानुवर्षे चाले. पैलवान मैदान सोडून तालमीत वस्ताद झाला, त्याचे केस पांढरे झाले, तरी पोस्टरवर तो विशीतलाच राही. छपाईच्या मध्येच चेहऱ्याचे बारीक ठिपके शाईने बुजत. मग वडील ट्रेडल हे छपाईयंत्र थांबवत, रॉकेलच्या बोळ्याने ब्लॉक पुसत आणि शिवणाच्या सुईने एकेक ठिपका मोकळा करत. पैलवानाच्या डोळ्यातली चमक त्या सुईच्या टोकाने परत येताना मी पाहिली आहे. छाप म्हणजे काय, हे मला कोणत्याही वर्गात शिकण्याआधी तिथे कळले.

पोस्टरे छापून दिली की मैदानाला जाण्याचा मान वडिलांना असे, आणि त्यांच्या खांद्यावर बसून मी खासबागेत जात असे. बायका-मुली तिथे क्वचितच दिसत. कुस्त्या मी पाहिल्या, पण आज कोणती कुस्ती कशी निकाली झाली हे मला आठवत नाही. आठवतात ती समोरच्या उतरणीवरची माणसे. खाली मातीत एकाने पट काढला की वर बसलेली हजारो माणसे त्याच अंगाला कलत, जणू डाव त्यांच्यावरच पडला आहे. हलगीचा ठेका चढला की कडेच्या म्हाताऱ्यांच्या मांड्या आपोआप हलत. जोड बराच वेळ खडाखडीत अडकली की सगळे मैदान गप्प होई आणि मग कुठूनतरी एकच आवाज येई, ‘अरं धर की!’ राजर्षी शाहू महाराजांनी हे मैदान बांधून घेतले ते १९१२ साली पुरे झाले. आखाडा मधोमध, आणि भोवताली चढत जाणारी बैठक अशी केलेली, की शेवटच्या माणसालाही पुढच्याचे डोके आडवे येऊ नये. खासबाग ही वास्तूच प्रेक्षकाचा विचार करून उभी राहिलेली आहे. महाराजांनी ज्या प्रेक्षकासाठी एवढी जमीन घडवली, त्याला कागदावर वीतभर जागा मागताना मला आज अर्ज करावा लागतो आहे.

आता अभिप्रायाकडे येते. खेळ आणि प्रेक्षक हा विषय ललितकलेच्या दर्जाचा नाही, हे विधान मुद्राचित्रणाच्या इतिहासाशी कुठेही जुळत नाही, आणि याच मुद्द्यावर मला सर्वांत अधिक लिहायचे आहे, कारण बाकीचे सारे त्यातूनच आले आहे.

स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया यांनी १८१६ मध्ये बैलझुंजीवरची ३३ अम्लरेखने (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेली चित्रे) प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकविसाव्या चित्रात झुंज नाहीच. माद्रिदच्या रिंगणातला बैल कठडा ओलांडून प्रेक्षकांत शिरला आहे, एका गावाच्या नगरप्रमुखाचा देह त्याच्या शिंगांवर आहे, एका बाजूला माणसे एकमेकांवर पडत पळत आहेत आणि चित्राची दुसरी बाजू जवळजवळ पूर्ण रिकामी आहे. खेळ पाहायला आलेल्या माणसाचे काय होते, हा त्या चित्राचा विषय आहे. त्याच्याही आधी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, जपानमध्ये कात्सुकावा शुन्शो यांच्यासारखे चित्रकार सुमो मल्लांच्या काष्ठछापा करत होते आणि त्या मल्लांचे चाहते त्या विकत घेत होते. फ्रेंच चित्रकार एदुआर मॅने यांच्या घोड्यांच्या शर्यतीच्या शिळाछापात (दगडावर काढून छापलेल्या चित्रात) कडेची गर्दी म्हणजे नुसत्या वेगाने फिरवलेल्या गिरगोट्या आहेत. एकही चेहरा काढलेला नाही, तरी आरडाओरडा ऐकू येतो.

अमेरिकन चित्रकार जॉर्ज बेलोज यांचे उदाहरण तर मी दरवर्षी विद्यार्थ्यांना देते. १९०९ मध्ये रंगवलेल्या आपल्या मुष्टियुद्धाच्या चित्रावरून त्यांनी १९१७ मध्ये शिळाछाप केला, आणि त्यात लढणाऱ्या दोघांइतकेच लक्ष रिंगणाला खेटून बसलेल्या प्रेक्षकांच्या चेहऱ्यांकडे दिले. पुढे १४ सप्टेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्कला जॅक डेम्प्सी आणि लुईस फिर्पो यांची मुष्टियुद्धाची लढत झाली, तेव्हा बेलोज वृत्तपत्रासाठी रेखाटने करायला तिथे हजर होते. पहिल्याच फेरीत फिर्पोने डेम्प्सीला दोरांबाहेर फेकले; डेम्प्सी परत आत चढला आणि दुसऱ्या फेरीत जिंकला. बेलोज यांनी शिळाछापासाठी जिंकण्याचा क्षण निवडला नाही. जगज्जेता डेम्प्सी पाठीवर प्रेक्षकांच्या अंगावर कोसळतो आहे आणि खालून हात वर आले आहेत, तो क्षण त्यांनी निवडला. ते हात त्याला सावरतात की परत आत लोटतात, हे पाहणाऱ्याने ठरवायचे. आपल्या समितीच्या निकषाने हे चित्रही परत आले असते.

लिनोकटचे, म्हणजे माझ्या माध्यमाचे, आधुनिक रूप तर खेळाबरोबरच घडले. लंडनमध्ये १९२५ साली सुरू झालेल्या ग्रॉसव्हेनर स्कूल या कलाशाळेत क्लॉड फ्लाइट लिनोकट शिकवत. त्यांच्या शिष्यांनी रंगागणिक वेगळा ब्लॉक कोरून, काळ्या बाह्यरेषेचा आधार न घेता, वेग पकडायला सुरुवात केली. सिरिल पॉवर यांनी १९३० मध्ये होडीतले आठ वल्हेकरी वरून पाहिले तसे कोरले, लिल चुडी यांनी बर्फावरची हॉकी कोरली, सिबिल अँड्र्यूज यांनी १९३४ मध्ये मोटारसायकलींची शर्यत आणि १९३७ मध्ये फुटबॉल कोरला. त्यांच्याकडे मोठाले प्रेस नव्हते. पातळ कागद ब्लॉकवर ठेवून ते पाठीमागून चमच्यासारख्या साधनाने हाताने घासत. मीही जेवणाच्या स्टीलच्या चमच्याच्या पाठीनेच घासते. फ्लाइट यांचे म्हणणे होते की लिनोकट सामान्य माणसाला सिनेमाच्या तिकिटाच्या किमतीत घेता आला पाहिजे. स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या माणसाचे चित्र त्याच माणसाला घरी नेता यावे, याहून सरळ इच्छा चित्रकाराची दुसरी काय असणार?

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेस आणून देते. १९१२ ते १९४८ या काळात ऑलिंपिकमध्ये कलेच्याही स्पर्धा होत आणि कलाकृतीचा विषय खेळाशी संबंधित असणे ही तिथे अटच होती. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुद्राचित्रांच्या गटातले सुवर्णपदक जोसेफ वेबस्टर गोलिंकिन यांच्या ‘लेग सिझर्स’ या कृतीला मिळाले. लेग सिझर्स म्हणजे पायांच्या कैचीत प्रतिस्पर्ध्याला जखडण्याचा कुस्तीतला डाव. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीतले कांस्यपदक मिळवले, तेव्हा ऑलिंपिकमधल्या कलास्पर्धा बंद झालेल्या होत्या. पण कुस्तीवरच्या मुद्राचित्राला जगाने एकदा सोन्याचे पदक दिले होते, एवढी नोंद तरी कोल्हापूरच्या कलासमितीने ठेवायला हवी.

‘प्रसिद्धीसाहित्य’ हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरला आहे, त्याविषयी माझी दुसरी तक्रार आहे. पोस्टर म्हणजे हलके काम, असे त्यात गृहीत धरले आहे. सिबिल अँड्र्यूज आणि सिरिल पॉवर यांनी दोघांच्या आडनावांचे मिळून एक नाव घेऊन लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी खेळांच्या सामन्यांची पोस्टरे केली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी डेव्हिड हॉकनी आणि जेकब लॉरेन्स या चित्रकारांनी पोस्टरे केली. एवढे लांब तरी कशाला जायचे? नाटकांचे पडदे रंगवणारे आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरे आपल्याच हाताने करणारे बाबूराव पेंटर याच गावचे. त्यांची तसबीर लावून प्रदर्शनाचे दीपप्रज्वलन होते आणि त्याच प्रदर्शनात पोस्टरशी नाते सांगणारे चित्र दारातून परत जाते, ही विसंगती मला सहन होत नाही. माझी चित्रे पोस्टरासारखी दिसतात हे मला मान्य आहे. ती कुस्तीच्या पोस्टरांच्या पोटीच जन्मली आहेत.

तिसरी तक्रार नियमाविषयी आहे. प्रवेशपत्रिकेत यंदा ‘एकमेव मूळ कृती’ अशी अट आहे. या अटीने मुद्राचित्र आपोआप बाद होते, कारण एकाच ठशावरून ठरावीक संख्येने काढलेली प्रत्येक प्रत मूळच असते. चित्राखाली पेन्सिलीने ५/२० असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ वीस प्रतींतली पाचवी. वीस झाल्या की ब्लॉकवर आडवी चीर मारून तो रद्द केला जातो. यात नक्कल कुठेच नाही. चित्तप्रसाद यांनी मुंबईत राहून कष्टकरी मुलांची चित्रे लिनोवर कोरली, ती एकाहून अधिक प्रतींत निघाली म्हणून त्यांची किंमत कमी झाली असे कोणी म्हणेल काय?

चौथी तक्रार चित्रे पाहण्याच्या पद्धतीची आहे, आणि ती लिहिताना मला खरोखर दुःख होते. बाराही चित्रे मी वेगवेगळ्या पाकिटांत, मध्ये पातळ कागद घालून, दोऱ्याने बांधून दिली होती. परत आली तेव्हा पहिल्या पाच पाकिटांचे दोरे सुटलेले होते. उरलेल्या सातांच्या गाठी माझ्याच हातच्या होत्या. म्हणजे ही चित्रे यादीतल्या शीर्षकांवरून नाकारली गेली. या माध्यमात काम करणारी एकही व्यक्ती समितीवर नाही, त्यामुळे ती उघडून पाहावीत असा आग्रह धरणारेही तिथे कोणी नव्हते.

समितीतल्या एका सदस्यांनी मला तोंडी असेही सांगितले की अशा चित्रांनी हुल्लडबाजीचे उदात्तीकरण होते. हा आक्षेप मी गांभीर्याने घेते, कारण तो खोट्या काळजीतून आलेला नाही. आपल्याकडचा फुटबॉल तालमींतून वाढला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही संघांची नावे म्हणजे तालमींचीच नावे आहेत, आणि सामना शाहू स्टेडियमवर असला तरी ईर्ष्या पेठेतून येते. त्या ईर्ष्येपायी मारामाऱ्या होतात, दगड पडतात, सामने थांबतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मी ते झाकलेले नाही. न उघडलेल्या पाकिटांतले बारावे चित्र नेमके त्याच विषयावर आहे. गर्दी पांगल्यानंतरची गॅलरी, पायऱ्यांवर विखुरलेल्या एकेकट्या चपला, वरच्या कोपऱ्यात काठीपासून फाटून लोंबणारा झेंडा आणि खाली सांडलेल्या शेंगा परत बुट्टीत भरणारी बाई. त्या चित्रात कागदाचा अर्ध्याहून अधिक भाग मी कोराच ठेवला आहे. गोयांकडून मी शिकले ते हेच.

सहावे चित्रही आपण पाहिलेले नाही, म्हणून त्याविषयी लिहिते. ते कॉर्नर किकच्या क्षणाचे आहे. चेंडू आणि खेळाडू चौकटीबाहेर आहेत. आहेत त्या फक्त पायऱ्या आणि उभी राहत असलेली माणसे. अजून कोणी पूर्ण उभे नाही आणि कोणी बसलेलेही नाही. गुडघे अर्धे वाकलेले, एका म्हाताऱ्याने पुढच्या मुलाच्या खांद्यावर हात टेकलेला, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री. गेरू, निळा आणि काळपट तपकिरी असे तीन ब्लॉक आहेत. गेरूवर निळा चढतो तिथे तिसरीच सावली निघते, आणि ती सावली माणसांच्या पायांखाली नेमकी पडावी म्हणून निळा ब्लॉक मी दोनदा नव्याने कोरला. लिनोवर सगळे उलटे कोरावे लागते. मुलाच्या बनियनवरचा सातचा आकडा, झेंड्यावरची अक्षरे, म्हाताऱ्याचा डावा हात हे सारे आरशात पाहून तपासले. या कामाला चार महिने लागले. हे चित्र वाईट आहे असे आपण म्हणालात तर मी ऐकून घेईन, पण आधी ते पाहायला हवे.

विद्यार्थ्यांविषयी थोडक्यातच लिहिते. माझ्या वर्गातली मुले संध्याकाळी मैदानावर असतात आणि त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर मेस्सी आणि त्यांच्या पेठेतला गोलकीपर शेजारी शेजारी काढलेले असतात. त्यांना मी लिनो आणि पाते हातात देते तेव्हा ती तेच कोरतात. ‘स्पर्धेसाठी दुसरा विषय घ्या’ असे मी त्यांना आजवर कधी सांगितलेले नाही आणि यापुढेही सांगणार नाही.

या सर्वांवरून माझ्या मागण्या अशा आहेत. एक, क्रीडा आणि प्रेक्षक हा विषय असणे हे नकाराचे कारण असू शकत नाही, असे समितीने लेखी जाहीर करावे आणि माझ्या चित्रांसह या कारणाने नाकारलेल्या सर्व कलाकृती पुन्हा पाहाव्यात. पाहिल्यानंतर गुणवत्तेवर नाकारल्या तर माझी हरकत नाही, फक्त कारण लिहून द्यावे. दोन, मुद्राचित्रणाचा स्वतंत्र विभाग याच वर्षी पूर्ववत सुरू करावा. तीन, ‘एकमेव मूळ कृती’ या अटीत बदल करून क्रमांकित आणि स्वाक्षरी केलेल्या मुद्राचित्रांना स्पष्ट मान्यता द्यावी. चार, निवड समितीवर प्रत्यक्ष छपाई करणारा किमान एक मुद्राचित्रकार असावा. पाच, पुढच्या प्रदर्शनात एक भिंत कुस्तीच्या आणि फुटबॉलच्या जुन्या पोस्टरांसाठी राखून ठेवावी. ही शेवटची मागणी माझ्यासाठी नाही. वडिलांचा छापखाना बंद झाला तेव्हा लाकडी खिळे आणि पैलवानांचे ब्लॉक किलोच्या भावाने भंगारात गेले. त्यांतले तीन मी कसेबसे वाचवले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा आपल्या गावात काय काय जपायचे राहून गेले आहे हे सर्वांनाच जाणवले. कुस्तीची जुनी पोस्टरे आजही तालमींच्या भिंतींवर, वस्तादांच्या ट्रंकेत, कुणाच्या माळ्यावर आहेत. आपण आवाहन केलेत तर लोक ती आणून देतील. ती गोळा करायला मी आणि माझे विद्यार्थी येऊ.

समितीच्या पुढच्या बैठकीत मला अर्धा तास द्यावा, एवढी विनंती आहे. न उघडलेली सात पाकिटे मी तशीच बांधून ठेवली आहेत. ती घेऊन येते, सोबत सहाव्या चित्राचे तिन्ही ब्लॉक, थोडी शाई, पातळ कागद आणि चमचाही आणते. त्या चित्राच्या वीस प्रतींपैकी अकराच छापून झाल्या आहेत. बारावी आपल्यासमोर छापीन.

आपली नम्र,
शिवाजी पेठेतील एक मुद्राचित्रकार आणि कलाशिक्षिका
कोल्हापूर